डिझेलपंक स्पेस ऑपेरा : इंजिनाला श्वास कुठून द्यायचा?

नळकांडं (धागाकर्ता)

गेले काही महिने एक जग डोक्यात घोळतंय. त्यात कथा लिहायच्यात, आणि आमच्या टोळक्यासाठी रोलप्लेइंगची कॅम्पेनही (पात्रं घेऊन खेळायची, बऱ्याच बैठका चालणारी गोष्ट) त्यातच चालवायचीय. ग्रहाग्रहांवर पसरलेली साम्राज्यं, रिव्हेट ठोकलेली पोलादी जहाजं, व्हॅक्यूम ट्यूबांचा केशरी उजेड आणि जहाजाच्या पोटात धडधडणारी डिझेल इंजिनं. स्टीमपंकची, म्हणजे वाफेच्या यंत्रांवर चालणाऱ्या काल्पनिक जगाची, पितळी चक्रं आणि गॉगल आता पुरे झाले. मला डिझेलपंक हवंय, म्हणजे दोन महायुद्धांच्या मधला काळ, फार तर १९४५ पर्यंतचा. ट्यूबांची जागा घेणारा ट्रान्झिस्टर डिसेंबर १९४७ चा, म्हणजे तो आपोआपच बाद.

अवांतर : 'स्पेस ऑपेरा' हा शब्द १९४१ मध्ये घिस्यापिट्या अंतराळकथांना नावं ठेवायला निघाला, आणि 'डिझेलपंक' २००१ मध्ये एका रोलप्लेइंग गेमची जाहिरात करायला. एक शिवी आणि एक जाहिरात, यांचं लग्न लावायचा घाट घातलाय मी.

तर बारा पानं लिहून झाली. झेंडे, बिल्ले, राजघराण्यांच्या वंशावळी, सगळं. मग बहिणीला वाचायला दिलं. तिने पहिलं पान उलटायच्या आत विचारलं, "डिझेलला हवा लागते ना? मग अंतराळात कुठली?"

तिथेच घोडं अडलंय. सध्याचा तोडगा असा : या विश्वात ईथर, म्हणजे सगळी पोकळी भरून असलेलं आणि प्रकाश वाहून नेणारं माध्यम, खरंच आहे. आपल्याकडे मायकेलसन आणि मॉर्ली यांना १८८७ च्या प्रयोगात ते सापडलं नाही, माझ्या जगात सापडलं. जहाजांचे पंखे ईथर कापत पुढे जातात आणि इंजिनंही ईथरच ओढून घेतात. चालेल का? मोकळेपणाने फाडा.

धूमकेतू

चालेल की. कथेत एक थाप माफ असते. वाचतोय.

उलटतपासणी

फाडा म्हणालात म्हणून फाडते.

थाप मारायला हरकत नाही, पण तुमची थाप फार स्वस्त आहे. ईथर ढकलायलाही मिळतं आणि जाळायलाही मिळतं, म्हणजे तुम्ही अंतराळाचा निव्वळ समुद्र केलात. मग ही गोष्ट समुद्रावरच का नाही घडत? वरचं आकाश काळं रंगवल्याने स्पेस ऑपेरा होत नाही. बहिणीचा प्रश्न हा अडथळा नाहीच, तुमच्या बारा पानांतली कामाची गोष्ट तेवढीच आहे. तो बुजवू नका.

दुसरं, वंशावळी नंतर. या जहाजात सगळ्यात खालच्या मजल्यावर कोण काम करतं ते आधी सांगा. नावात 'पंक' आहे ना, म्हणजे खालच्यांचं बंड?

ग्रीसगन

बरीच वर्षं जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढलीत, त्यामुळे राहवत नाही.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा दाबायची, दाबली की ती तापते, तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की पेट घेतो. म्हणजे हवा इथे नुसती जाळायला लागत नाही, काडीचं कामही तीच करते. रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन १८९७ मध्ये नीट चाललं तेव्हा त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या तोंडात मारेल अशी, सव्वीस टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता त्याने दिली. गुपित त्या दाबण्यातच.

आता अंतराळाचं. १ किलो डिझेल पूर्ण जाळायला साधारण ३.४ किलो ऑक्सिजन लागतो. पृथ्वीवर तो फुकट मिळतो म्हणून त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. तुमच्या जहाजाला तो टाकीत भरून न्यावा लागेल, द्रवरूपात, उणे १८३ अंशांच्या खाली थंड ठेवून. म्हणजे जहाजावर डिझेलच्या टाकीपेक्षा ऑक्सिजनची टाकी मोठी. तुम्ही त्याला तेलाचं साम्राज्य म्हणा, तिजोरीची किल्ली ऑक्सिजनवाल्याकडेच राहणार.

आणि हे कल्पनेतलं नाही. डिझेलवर पाण्याखाली चालायचा उद्योग पाणबुडीवाल्यांनी केलेला आहे. सोव्हिएत नौदलाने १९५० च्या दशकात 'प्रोजेक्ट ६१५' च्या सुमारे तीस छोट्या पाणबुड्या बांधल्या. इंजिनाचा धूर बाहेर सोडायचा नाही, त्यातला कार्बन डायऑक्साइड चुन्याने शोषून घ्यायचा, वरून द्रव ऑक्सिजनमधला वायू मिसळायचा आणि तेच मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये. खलाशांनी त्यांना नाव काय ठेवलं होतं? 'लायटर'. इतक्या आगी लागायच्या. १९५७ मध्ये एक आग लागूनच बुडाली, बहुतेक सगळे गेले.

नळकांडं

'लायटर'!! बारा पानांत माझ्याकडे एकही इतकं चांगलं नाव नाही.

पण शुद्ध ऑक्सिजनच का नाही द्यायचा सिलिंडरला? धुराची फिरवाफिरवी कशाला?

ग्रीसगन

शुद्ध ऑक्सिजन दिलात तर जळण इतकं गरम होईल की पिस्टन वितळेल. सोबत काहीतरी न जळणारं हवंच. हवेत ते काम नायट्रोजन करतो. धूर फिरवला तर कार्बन डायऑक्साइड करतो, पण त्याची एक खोड आहे : दाबल्यावर तो हवेइतका तापत नाही. त्याचं प्रमाण वाढलं की काडीच पेटेनाशी होते, इंजिन खोकतं आणि बंद पडतं. म्हणून नंतरच्या बंद चक्राच्या इंजिनांत आर्गॉन मिसळायला लागले. आर्गॉन दाबल्यावर मस्त तापतो आणि कशाशीच संयोग करत नाही. खर्चही होत नाही. गळतो मात्र. प्रत्येक सील, प्रत्येक गॅस्केटमधून थोडा थोडा.

अर्धविराम

थांबा थांबा. मंगळाच्या हवेत आर्गॉन असतो! सुमारे ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि उरलेल्यात नायट्रोजन व आर्गॉन दोन-दोन अडीच टक्के.

म्हणजे मंगळाकडे ना तेल, ना श्वास घेण्याजोगी हवा, पण प्रत्येक जहाजाच्या इंजिनात जे गळत राहतं आणि भरत राहावं लागतं ते मंगळाकडे. गरीब, धुळकट, सगळ्यांनी हिणवलेला ग्रह. आणि त्याने नळ बंद केला की सहा महिन्यांत सगळ्यांची आरमारं खोकायला लागतात.

उलटतपासणी

ही झाली गोष्ट. वंशावळीत नव्हती.

जुना कागद

अर्धविराम यांच्या मुद्द्याला इतिहासातून जोड देतो. तेलाचं राजकारण असंच घडलंय. ब्रिटिश नौदलाने कोळसा सोडून तेलावर जायचं ठरवलं आणि १९१२ पासून क्वीन एलिझाबेथ वर्गाच्या तेलावर चालणाऱ्या युद्धनौका बांधायला घेतल्या. कोळसा त्यांच्या स्वतःच्या जमिनीत भरपूर होता, तेलाचा थेंब नव्हता. म्हणून १९१४ मध्ये सरकारने अँग्लो-पर्शियन तेल कंपनीत निम्म्याहून जास्त हिस्सा विकत घेतला. इंजिन बदललं आणि त्यापायी हजारो मैलांवरचा एक देश (इराण) पुढची कित्येक दशकं त्यांच्या राजकारणात ओढला गेला. १९४१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने जपानचं तेल तोडलं, डिसेंबरात पर्ल हार्बर. जर्मनीकडे तेल नव्हतं, तर त्यांनी कोळशापासून कृत्रिम इंधन बनवलं. फिशर आणि ट्रॉप्श यांची पद्धत १९२५ ची आहे, तुमच्या काळात चपखल बसते.

पण मला सर्वांत आवडणारी चीज म्हणजे १९२२ चा वॉशिंग्टन नौदल करार. युद्धनौका ३५,००० टनांपेक्षा मोठी बांधायची नाही, आणि ब्रिटन, अमेरिका, जपान यांच्या आरमारांचं प्रमाण ५ : ५ : ३. जपानला ते 'तीन' किती झोंबलं असेल बघा. आता खरी मेख : जहाजाचं वजन मोजताना इंधन आणि बॉयलरचं राखीव पाणी धरायचं नाही, असं त्यातच लिहिलेलं होतं. तुमच्या जगात असा करार टाका. ऑक्सिजन आणि डिझेल वजनात धरायचं नाही म्हटल्यावर पहिला लबाड अभियंता काय करेल? टाकीची भिंत हातभर जाड करेल आणि म्हणेल, साहेब, ही टाकी आहे, चिलखत नव्हे.

फासेबाज

मी बरीच वर्षं गेम मास्टरकी करतोय, म्हणजे खेळाडूंना गोष्ट सांगत खेळ चालवतोय, तेव्हा खेळाच्या बाजूने बोलतो. वरचं सगळं झकास आहे, पण खेळाडूंच्या हातात त्यातलं काय येणार?

माझीच फजिती सांगतो. एका कॅम्पेनमध्ये मी जहाजाच्या इंधनाचा तक्ता ठेवला होता. लिटर, अंतर, वजन, वेग, सगळ्याला रकाने. तिसऱ्या सेशनला एक खेळाडू मोबाइल बघत होता, दुसरा झोपला होता, आणि मी एकटा कॅल्क्युलेटर घेऊन बसलेलो. हिशेब बरोबर होता आणि खेळ मेला होता.

तेव्हा ग्रीसगन, एक विनंती. मला सगळे आकडे नकोत. एकच द्या, जो ऐकून खेळाडू ताठ बसेल.

ग्रीसगन

काढतो.

१,००० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण १६० किलो डिझेल पितं. गुणिले ३.४, म्हणजे ५४० किलोच्या वर ऑक्सिजन. माणसाला दिवसाला सुमारे ०.८४ किलो लागतो.

भागाकार करून बघा. इंजिन एक तास चालवलं की चाळीस जणांचा सोळा दिवसांचा श्वास संपतो.

नळकांडं

...

फासेबाज

झालं की काम. आता तक्ता नको. जहाजावर एकच आकडा : श्वास. तोच इंजिन पितं, तोच माणसं पितात. एक खूण म्हणजे सोळा दिवस किंवा एक तास. कप्तान म्हणतो "पूर्ण वेग", आणि इंजिन रूममधला खेळाडू विचारतो "किती खुणा?" टेबलावर मोजायला मणी ठेवायचे, उचलताना आवाज झाला पाहिजे.

आणि उलटतपासणी यांच्या प्रश्नाचं उत्तरही यातच दिसतंय. संकटात वरच्या मजल्याला वाटतं, खालची दहा माणसं कमी झाली तर इंजिनाला आणखी थोडा वेळ मिळेल. खालच्यांनाही हे माहीत असतं.

उलटतपासणी

मी विचारणारच होते. आता नाही विचारत.

मात्र ईथरचा निकाल लावा. माझं मत : ईथर ठेवा, पण अर्धं. डिझेल इंजिन दांडा फिरवतं, आणि निर्वातात फिरणाऱ्या पंख्याला ढकलायला काहीच नसतं. तेवढ्यापुरती थाप हवीच. ईथर पकड देईल, श्वास देणार नाही.

नळकांडं

मान्य. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

पण मग साधं रॉकेटच का नको? जर्मनांचं व्ही-२ रॉकेट माझ्याच काळातलं आहे. अल्कोहोल आणि द्रव ऑक्सिजन. जून १९४४ मधल्या एका चाचणीत ते १७० किलोमीटरच्या वर गेलं होतं, म्हणजे अंतराळात पोचलेली माणसाने केलेली पहिली वस्तू.

अर्धविराम

पोचलं आणि खाली आलं. इंजिन जेमतेम मिनिटभर चाललं. रॉकेटचं दुखणं रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्स्की यांनी १९०३ मध्येच मांडून ठेवलंय. पृथ्वीभोवती नुसतं फिरत राहायला, वाटेतली तूट धरून, सेकंदाला साडेनऊ किलोमीटरच्या आसपास वेग कमवावा लागतो. केरोसीन आणि ऑक्सिजनचा झोत सेकंदाला तीन किलोमीटरचा. गणित केलं तर उडताना जहाज रिकाम्या जहाजाच्या वीसपटीहून जड हवं. त्यात चिलखत, तोफा आणि नाचघर घालून दाखवा.

रॉकेट ठेवा, पण टॉर्पेडो म्हणून. किंवा जमिनीवरून वर नेणारे मजूर म्हणून : एकदाच वापरायचे, स्वस्त, आणि चालवणाऱ्याला फार प्रश्न विचारायची मुभा नसलेले.

धूमकेतू

मला एक शंका. अंतराळ थंड असतं ना, मग इंजिन गार ठेवायचा प्रश्नच नाही. एक काळजी मिटली.

ग्रीसगन

उलट आहे हो. थर्मासही निर्वातानेच चहा गरम ठेवतो. हवा नाही, पाणी नाही, उष्णता घेऊन जाणार कोण? ती फक्त किरणांवाटे बाहेर पडते, आणि फार सावकाश.

१,००० अश्वशक्ती म्हणजे ७४६ किलोवॉट. चांगलं इंजिन इंधनातली चाळीसेक टक्के शक्ती दांड्याला देतं, म्हणजे सुमारे ११०० किलोवॉट नुसती उष्णता. ८० अंश तापमानाचा काळा पत्रा चौरस मीटरला साधारण ८८० वॉट फेकतो. दोन्ही बाजू मोकळ्या धरल्या तरी सव्वासहाशे चौरस मीटर पत्रा लागेल. एका इंजिनाला. तुमच्या युद्धनौकेवर अशी किती?

नळकांडं

म्हणजे जहाजांना पंख हवेत!! मी चित्रांत पंख काढले होते आणि नंतर लाजून खोडले होते, कारण निर्वातात पंखांचं काय काम. १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनातून पुढे आलेली ती आर्ट डेको शैली, सूर्यकिरणांसारख्या पसरत जाणाऱ्या पट्ट्या, हुबेहूब तसेच रेडिएटर दिसतील. लाल तापत नाहीत, पण खलाशी म्हणतात "पंख तापले".

फासेबाज

आणि लढाईत ते पंख मिटावे लागतात, नाहीतर पहिल्याच गोळ्यात चिंध्या. पंख मिटले की उष्णता आत साठते. चला, दुसरा आकडा मिळाला. श्वास खाली उतरतो, ताप वर चढतो, आणि दोघांच्या मध्ये खेळाडूंची लढाई. तिसरा आकडा कुणी सुचवलात तर धाग्यातून हाकलेन (हलके घ्या).

लपायचं म्हटलं तरी हेच. निर्वातात आवाज जात नाही, पण गार पार्श्वभूमीवर ऊबदार जहाज चमकतं. म्हणून इंजिन बंद, बॅटरीवर, दिवे विझवून, घामाघूम होऊन शत्रू जायची वाट बघत बसायचं. पाणबुडीची सगळी नाट्यं फुकटात.

जुना कागद

ताप मोजताना गणकयंत्रं विसरू नका. एनिअॅक या सुरुवातीच्या अमेरिकी गणकयंत्रात सुमारे १८,००० ट्यूब होत्या आणि ते १५० किलोवॉट वीज खायचं. ती सगळी शेवटी उष्णताच. लढाईत तसलं धूड चालू ठेवायचं की एक तोफ? म्हणून नेम धरायला दातेरी चक्रांची यांत्रिक गणकयंत्रं, आणि मार्ग आखायला स्लाइड रूल घेतलेली माणसं. त्या काळी युद्धनौकांवर तोफांचा हिशेब चक्रांनीच व्हायचा.

अर्धविराम

टायटनबद्दल कुणी बोललंच नाही. शनीचा हा चंद्र डिझेलपंकसाठीच घडवलाय असं वाटतं. पृथ्वीच्या दीडपट दाबाची दाट हवा, मिथेनचा पाऊस, मिथेन आणि इथेनची तळी. ह्युजेन्स यान १४ जानेवारी २००५ ला तिथे उतरलं. तेल शोधायला खणायचीही गरज नाही, किनाऱ्यावर बादली घेऊन जा.

पण तिथल्या हवेत ऑक्सिजन नाही, नायट्रोजन आणि थोडा मिथेन आहे. म्हणजे इंजिन उलटं चालतं : इंधन बाहेरच्या हवेत आणि टाकीत ऑक्सिजन. गळती झाली की आग नळीच्या तोंडाशी लागते, पण ती ऑक्सिजनच्या नळीच्या. तिथली तापमानं उणे १७९ च्या आसपास, तेव्हा ऑक्सिजन द्रव ठेवायला फार खटपट नको. आणि ऑक्सिजन काढायचा तर पायाखालचं बर्फ फोडून, पाण्यातून, प्रचंड वीज खर्चून. टायटनवाल्यांकडे तेलाचे समुद्र असूनही ते कर्जबाजारी आहेत असं दाखवता येईल.

शुक्रावर ढगांत साधारण पन्नास किलोमीटर उंचीवर दाब पृथ्वीइतका असतो आणि आपली श्वासाची हवाच तिथे फुग्यातल्या वायूसारखी तरंगते. डिझेलवर चालणारी हवाई जहाजं तिथे शोभतील. हिंडेनबुर्ग या जर्मन हवाई जहाजाची चारही इंजिनं डिझेलची होती.

उलटतपासणी

शेवटी माझं एक तुणतुणं. या काळाची सुंदर चित्रं काढताना हात कुठे घसरतो ते बघा. इटलीतल्या फ्युचरिस्ट कलावंत मंडळींनी १९०९ च्या जाहीरनाम्यात वेग, यंत्र आणि युद्ध या तिघांना एकाच तबकात ओवाळलं होतं, आणि त्यांच्यातले बरेच जण पुढे मुसोलिनीच्या मागे गेले. कडक गणवेश, ओळीने उभी जहाजं, वरून पडणारे प्रकाशझोत. ते देखणं दिसावं म्हणूनच रचलेलं असतं. खलनायकांना ते द्या, हरकत नाही. पण लिहिताना तुमच्या कॅमेऱ्याने सलामी ठोकू नये. परेडचा प्रसंग असेल तर तो गणवेश इस्त्री करणाऱ्या बाईच्या नजरेतून लिहून बघा.

आणि हुद्द्यांना सारखं अॅडमिरल, कमांडर नको. सारंग, तांडेल, सुकाण्या, मराठीत शब्द आहेत. नसतील तिथे 'वंगण्या'सारखे बनवा. आर्गॉन भरणाऱ्याला काय म्हणतात तुमच्या जहाजावर?

ग्रीसगन

'वंगण्या' मी कधी ऐकला नाही, आम्ही ऑइलरच म्हणायचो. पण घेतो.

नळकांडं

आर्गॉन भरणारा तो 'फुंक्या'. साधारण बारा-तेरा वर्षांचा पोरगा, कारण सीलपर्यंत तोच सरपटत जाऊ शकतो. बहुतेक गोष्ट त्याचीच होईल. झेंड्यांची पानं फाडली नाहीत, मागच्या खिशात ठेवलीत.

फासेबाज

धागा वर काढतोय. काल रात्री वन-शॉट (एकाच बैठकीत संपणारा खेळ) चालवला. पाच खेळाडू, 'लायटर' जातीचं एक म्हातारं मालवाहू जहाज, चाळीस माणसं, श्वासाचे नऊ मणी. मागे गस्तीचं जहाज. पंख मिटून गप्प बसायचं की एक तास पळायचं, यावर ते पाऊण तास भांडले. मी फासे एकदाच टाकायला लावले. शेवटी पळाले. एक मणी गेला, आणि सारंगाचं पात्र करणाऱ्याने स्वतःच खाली जाऊन इंजिन रूममधल्यांची नावं विचारली. मला ती नावं जागच्या जागी बनवावी लागली, तयारी नव्हती.

एक नियमाचा प्रश्न उरलाय. जहाजावर मांजर होतं. त्याचा श्वास धरायचा का?

ग्रीसगन

इतक्याशा जिवाचा काय हिशेब. सोडून द्या.

फासेबाज

मीही तेच म्हणालो. खेळाडूंनी ऐकलं नाही. चाळिसाच्या यादीत मांजराला एक्केचाळिसावं घातलंय, हुद्द्यासकट.

नळकांडं

हुद्दा कोणता?

फासेबाज

कनिष्ठ फुंक्या.